इमाममामांचा दुसरा डावा गुडघा

मी गुडघा बोलतोय. डावा. तुम्ही लगेच आपापल्या पायांकडं बघू नका, मी तुमच्यापैकी कुणाच्याच पायात नाही. शिरूरजवळ एक लहानसा कारखाना आहे, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. मला रक्त नाही, मांस नाही, कातडी नाही, आणि थंडीत मी ठणकतही नाही. तरीही मी खराखुरा गुडघा आहे हे छाती ठोकून सांगतो. गुडघ्याला छाती नसते हे मला ठाऊक आहे, पण बोलायची एक पद्धत असते.

माझं पूर्ण नाव ‘इमाम नालबंद, डावा, आवृत्ती सात’. सात म्हणजे सहा वेळा बिघडून सातव्यांदा जमलेला. पण आवृत्ती बदलली तरी गुडघा तोच, म्हणून पहिल्यापासून मी ‘मी’च म्हणणार आहे.

माझा जन्म एका बैलामुळं झाला. तळेगाव ढमढेरेच्या आठवडे बाजाराच्या कडेला इमाममामा बैलांना पत्री मारायला बसतात. हे काम त्यांच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. ट्रॅक्टर आले तशी बैलं कमी झाली. पण ऊसतोडीच्या हंगामात गाड्या डांबरी रस्त्यानं जातात, खूर झिजतात, आणि मग गाडीवान मामांना शोधत येतात. बैलाला दोरानं अलगद आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे आणि उकिडवं बसून एकेका खुराला लोखंडाच्या दोन पत्र्या खिळ्यांनी ठोकायच्या. खिळा जरा जास्त आत गेला की बैल लंगडा झालाच. आपल्या हातून एकही बैल लंगडा झालेला नाही असं मामा सांगतात, आणि शेजारचे लोक मान डोलावतात.

त्या दिवशी दोर हातातून निसटला. पडता पडता बैल मामांच्या अंगावर कलंडला आणि त्यांचा डावा गुडघा त्याच्याखाली सापडला. बैल उठला. मामा उठले नाहीत.

शिरूरच्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. नडगीचं हाड वरच्या टोकाला रुंद असतं आणि त्याच्या माथ्यावर मांडीचं हाड टेकतं. मामांचा तो माथाच फुटला होता. बाहेरच्या अंगाचा एक मोठा तुकडा सुटला होता आणि आतल्या अंगाला, मागं, एक लहान तुकडा. त्या स्कॅनच्या चारशे बारा चित्रांतून मी जन्मलो. मला जन्म दिला गौतमीनं.

गौतमी मूळची दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते. रोज दुपारी डबा उघडायच्या आधी ती त्यांना फोन करते. “जय भीम, पप्पा, जेवलात का?” एवढंच विचारते आणि फोन ठेवते. आमच्या कारखान्यात हाडं जोडायच्या प्लेटा आणि स्क्रू बनतात, आणि कुठली प्लेट कुठल्या हाडात टिकेल हे कॉम्प्युटरवर आधीच तपासायचं काम तिच्याकडं आहे.

तिनं ती चारशे बारा चित्रं एकावर एक रचली, त्यातून हाड वेगळं काढलं आणि त्या हाडाचे अडीच लाख बारीक कण केले. प्रत्येक कणाला त्याचा शेजारी ठाऊक. एकाला दाबलं की त्यानं शेजाऱ्याला किती ढकलायचं, हे गणितानं ठरलेलं. मग तिनं माझ्या अंगावर प्लेट बसवली, एकेक स्क्रू आत घातला आणि वरून भार टाकला. भार सोसवला तर मी निळा राहतो, जास्त झाला तर हिरवा, पिवळा आणि शेवटी लाल. अडीच लाख कणांचा हिशेब एका दमात चुकता करणारा गुडघा तुम्ही दुसरा कुठं पाहिला असेल तर मला दाखवा.

आमच्या सोपानरावांना मात्र माझं कौतुक नव्हतं. ते कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. प्लेटा कापायचं मशीन आणि दाबून तपासायचं मशीन, दोन्ही त्यांच्या ताब्यात. चहाचा कप घेऊन ते गौतमीच्या मागं उभे राहायचे आणि म्हणायचे, “पडद्यावरचा गुडघा काय, कितीबी दाबा, वरडत न्हाई. त्याचं काय खरं धरायचं?”

मी ओरडत नाही हे खरं, पण लाल होतो. ते बघायला चष्मा लावावा लागतो आणि सोपानरावांचा चष्मा नेहमी कपाळावर असतो.

मामांवर शस्त्रक्रिया करणार होत्या डॉक्टर भाग्यश्री. त्यांनी गौतमीला फोन करून अडचण सांगितली. “बाहेरच्या बाजूनं एकच प्लेट लावली तर भागेल का, एवढं मला बघून दे. आतल्या बाजूची कातडी फोडांनी भरलीय आणि त्यांना शुगर आहे. तिथं दुसरी चीर घेतली तर जखम चिघळायची भीती आहे. पण प्लेट कमी पडली तर माथा खचेल, आणि मग त्यांचं हे काम कायमचं सुटेल. गुरुवारी ऑपरेशन आहे.”

म्हणजे प्रश्न सरळ होता, एक प्लेट की दोन. आणि उत्तर मला द्यायचं होतं.

पहिल्या दोन आवृत्त्या रचतानाच बिघडल्या होत्या; तिसरीत गौतमीनं माझी परीक्षा घेतली. आधी मला उभं केलं. मग चालवलं. मग जिना चढवला. पुस्तकात एवढ्याच परीक्षा दिलेल्या होत्या आणि त्या तिनं इमानदारीनं घेतल्या. तुकडे दोन मिलिमीटरच्या आत सरकले तर चालतं. माझे एक मिलिमीटरही सरकले नाहीत. मी पायापासून माथ्यापर्यंत निळाशार राहिलो. खरं सांगतो, मला माझा फार अभिमान वाटला. एक प्लेट पुरेल असा अहवाल तिनं लिहिला आणि शनिवारी डॉक्टरांना दाखवायला लॅपटॉप घेऊन ती दवाखान्यात गेली. लॅपटॉपमधून मीही गेलो.

तिथं मी पहिल्यांदा माझ्या मालकाला पाहिलं. मामा खाटेवर पडलेले होते, पाय उशांवर ठेवलेला. शेजारी स्टुलावर त्यांच्या बायको, बानूमामी, मोसंबी सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून समाधानानं मान हलवली. तेवढ्यात मामा म्हणाले, “जरा मलाबी दावा की, काय बघताय ते.”

गौतमीनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. “मामा, हा तुमचा गुडघा.”

“माझा? मग हितं पायात काय हाय?”

“पायातला मोडलाय,” बानूमामी म्हणाल्या. “हा बघून तो जोडणार हायती. गप बघा.”

मी उभा राहून दाखवलं. चालून दाखवलं. जिना चढून दाखवला. मामांनी सगळं नीट पाहिलं.

“जिना कशाला?” ते म्हणाले. “आमच्या घराला जिना न्हाई. हा खाली बसतो कवा?”

“आता खुर्चीवरच बसायचं, मामा,” डॉक्टर म्हणाल्या. “नमाजसुद्धा खुर्चीवर बसूनच पढायची.”

“पढीन. त्याला अल्ला समजून घेईल. पण मॅडम, खुर्चीत बसून बैलाला पत्री मारता येत न्हाई. बैल खाली असतो.”

मामांनी मोसंबीची फोड हातात तशीच धरून ठेवली आणि ते गौतमीकडं वळले.

“पोरी, तू शिकल्याली हायेस, मी काय सांगावं. पण माझी पत्री कवा निघती, ठावं हाय? उभ्या बैलाची निघत न्हाई. चालत्याचीबी सहसा न्हाई. बसल्याला बैल उठतो ना, तवा निघती. त्या टायमाला समदा भार एका अंगावर जातो. म्हणून मी खिळे मारून झालं की गाडीवानाला सांगतो, बैल बसव आन् उठव. दोनदा उठवून बघतो, मगच सोडतो. तू ह्याला बसवून उठवलंस का?”

गौतमीनं नाही म्हणून मान हलवली. तिचा चेहरा पडला होता. जमिनीवर बसून जेवणाऱ्या घरात ती वाढली, जमिनीवर बसून तिनं अभ्यास केला, आणि माझ्या परीक्षेत जमीन घालायची राहून गेली. चूक तिची होती, पण खाली मान माझीही गेली. नुसतं उभं राहता येतं म्हणून मी एवढा मिरवत होतो.

“मॅडम, मला बुधवारपर्यंत वेळ द्या,” ती डॉक्टरांना म्हणाली. “हा अहवाल धरू नका.”

रविवारी ती दौंडला घरी गेली. सकाळी आईबरोबर विहारात वंदनेला बसली. वंदना संपली, लोक उठायला लागले, आणि ही बसूनच राहिली, मोबाईलवर व्हिडिओ काढत. तो व्हिडिओ सोमवारी तिनं माझ्या शेजारीच उघडला, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

त्यात तिच्या आईचा आवाज येतो. “उठत का न्हाईस ग?”

“तुम्ही सगळ्या कशा उठता ते बघतीय, आई.”

“कशा म्हंजी? गुडघ्यावर हात ठिवून. आनखी कशा उठणार?”

पण तसं नव्हतं. चाळीसेक माणसं आणि उठायच्या चाळीस तऱ्हा. कुणी भिंतीला हात लावून उठत होतं, कुणी शेजारणीच्या खांद्यावर भार टाकून. कुणी आधी एक गुडघा टेकवायचं आणि मग दुसरा पाय पुढं घ्यायचं. एक म्हातारी बाई तर अशी कलली की तिचं सगळं अंग क्षणभर एकाच पायावर आलं. माणसं इतकी वर्षं रोज वीस-तीस वेळा हे करतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. मी हाड आहे म्हणून सांगतो, उभं राहण्यात काहीच विशेष नाही. उभं होण्यात सगळं आहे.

गौतमीनं त्या चाळीस तऱ्हांतून भार काढले आणि मला खाली बसवलं.

मी फाटलो. त्याला दुसरा शब्द नाही. गुडघा पुरता वाकला की मांडीचं हाड माथ्यावरून मागं सरकतं आणि सगळा दाब मागच्या कडेवर येतो. माझे तिथले कण चिरडले, उलटेपालटे झाले आणि गणित मध्येच थांबलं. पडद्यावर ‘चूक’ असा निरोप आला. तिनं मागच्या बाजूचे कण आणखी बारीक केले, चौथी आवृत्ती. पुन्हा फाटलो. पाचवी अर्धी बसली आणि तिथंच अडकली. सहावी बसली, पण उठताना कोलमडली. सोपानराव येऊन बघून गेले. “त्याला झेपत न्हाई तर सोड की,” असं म्हणाले, पण या वेळी त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता.

मंगळवारी दुपारी सातवी आवृत्ती तयार झाली. ती मी. मी बसलो. मग हळूहळू उठायला लागलो, आणि अर्ध्यात आल्यावर मागून लालभडक झालो. बाहेरच्या प्लेटचे स्क्रू लांब होते, पण त्या मागच्या लहान तुकड्यापर्यंत त्यातला एकही पोचत नव्हता. तो तुकडा तीन मिलिमीटर खाली घसरला. एका उठण्यात तीन मिलिमीटर. मामा घरी जाऊन एकदा जरी जमिनीवरून उठले असते तरी सगळं केल्याचं मातेरं झालं असतं.

गौतमीनं जुना अहवाल उघडला आणि नवा लिहिला. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘माझं आधीचं उत्तर चुकीचं होतं.’ कारखान्यात मी पुष्कळ अहवाल पाहिलेत. चूक आतल्या पानांत, बारीक अक्षरांत लपवलेली असते. पहिल्या ओळीत चूक लिहिणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि ते माझं माणूस होतं.

मग तिनं माझ्या मागच्या अंगाला दुसरी, लहान प्लेट लावून मला पुन्हा उठवलं. तुकडा एक मिलिमीटरही हलला नाही.

“माझं म्हणणं ऐकून घे,” सोपानराव म्हणाले. “पडद्यावरचं पडद्यावर. मशीनवर दाबल्याशिवाय मी मानायचो न्हाई.” त्यांनी प्लास्टिकचं हाड घेतलं, माझ्यासारखंच तोडलं, एक प्लेट लावली, मशीनमध्ये तिरकं धरून दाबलं. दोन पूर्णांक नऊ मिलिमीटर घसरलं. मी तीन म्हटलं होतं. त्यांनी मोजपट्टी पुसून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि गौतमीला म्हणाले, “बरोबर बोलला की गडी.” एवढंच. मला तेवढं वर्षभर पुरलं असतं. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या मागच्या अंगाचा बाक मोजून ती लहान प्लेट स्वतः वाकवायला घेतली.

बुधवारी डॉक्टर भाग्यश्रींनी अहवाल वाचला. “मला नको होतं तेच उत्तर आणलंस,” त्या म्हणाल्या. पण त्यांनी ते टाळलं नाही. गुरुवारचं ऑपरेशन चार दिवस पुढं ढकललं, तेवढ्यात फोड बसवले, शुगर आटोक्यात आणली, आणि आतल्या अंगाला, मागून, शक्य तितकी लहान चीर घेऊन दुसरी प्लेट बसवली.

यानंतरचे दिवस मला आवडले नाहीत. हाडाचं मी सांगू शकतो, जखमेचं नाही. कातडी मला नाहीच. ती जखम चिघळली असती तर दोन प्लेटांचा माझा सल्लाच मामांच्या मुळावर आला असता. गौतमीनं दोन आठवडे मला उघडलं नाही. दुसरी कामं करायची, आणि फोन वाजला की आधी नाव बघायची. सतराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. टाके काढले होते आणि जखम कोरडी होती. गौतमी उठून बाहेर गेली आणि तोंड धुऊन आली.

पुढचं काम बानूमामींचं. तीन महिने त्यांनी तो पाय जमिनीला लागू दिला नाही. मामांनी हातोडा मागू नये म्हणून त्यांनी हातोडा आणि पकड गव्हाच्या कोठीत पुरून ठेवली. गाडीवान दारात यायचे आणि मामी त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावायच्या. माझं गणित कितीही पक्कं असलं तरी ते घरात जाऊन पाळायला बानूमामीच लागतात, हे मी कबूल करतो.

गेल्या महिन्यात, ऑपरेशनला आठ महिने झाल्यावर, दोघं कारखान्यात आले. हातात नवा एक्स-रे होता. गौतमीनं तो माझ्यावर ठेवून जुळवून पाहिला. एक्स-रेतला माथा सपाट होता. तुकडे तिथल्या तिथं होते आणि त्यांच्या मधल्या रेघा बुजल्या होत्या.

“बसा, मामा,” तिनं खुर्ची पुढं केली.

मामांनी खुर्ची बाजूला सारली. “तुला दावायलाच आलोय. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली हाय, हिला इचार.”

बानूमामींनी मान डोलावली, पण हात पुढं करून तयारीत उभ्या राहिल्या. मामा सावकाश खाली बसले. फरशीवर, उकिडवं, बैलापाशी बसतात तसे. सोपानराव मशीन बंद करून दारात आले. गौतमीचा हात माऊसवर होता तो तिथंच राहिला.

मग मामा उठायला लागले. कुठल्या स्क्रूवर किती भार येतोय, मागचा तुकडा कधी ताणला जाणार, मला सगळं पाठ होतं. चारशे वेळा मी ते केलं होतं. तरी त्या वेळी मला एकही आकडा आठवला नाही. मामांनी गुडघ्यावर हात ठेवला, जरा डावीकडं कलले, आणि उभे राहिले.

“उठलो,” ते म्हणाले. बानूमामींनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, “आता पुन्हा बसू नका. एकदा दावलं, पुरं झालं.”

आज त्यांचा हातोडा कोठीतून बाहेर आलाय. बैल पाडायला आता दोन गडी असतात आणि मामा बेतानं बसतात, पण पत्री तेच मारतात. आणि आमच्या कारखान्यात कुठलाही गुडघा आला तरी त्याच्या परीक्षेच्या यादीत पहिलं नाव असतं, ‘जमिनीवरून उठणं’. जिना खाली गेलाय, चौथ्या नंबरला.

त्या दिवशी कारखान्यातून जाताना मामा माझ्यासमोर थांबले. पडद्यावर मी होतो तसाच होतो, माथा फुटलेला, तुकडे सुटलेले.

“हा अजून मोडल्यालाच हाय व्हय?” त्यांनी विचारलं. “मला जोडलंस, आन् त्याला तसाच ठिवलास?”

“त्याला जोडून कसं चालंल, मामा?” गौतमी म्हणाली. “कासुर्डीच्या एका बाईंचा स्कॅन आलाय. अशीच मोडतोड हाय. आधी ह्याच्यावर करून बघायचं, मग त्यांचा बनवायचा.”

मामांनी पडद्यावर, माझ्या फुटलेल्या माथ्यावर बोट ठेवलं. खिळ्यांनी काळं पडलेलं बोट. “सोस बाबा,” ते म्हणाले. “त्या बाईला उठायचं असंल.”

तर वाचकहो, माझी कीव करू नका. तुमचा गुडघा मोडू नये, आणि मोडलाच तर तो जुळावा, असं मला मनापासून वाटतं. मला मात्र कुणी जोडू नका. पायातला गुडघा बरा होण्यासाठी असतो, मी मोडलेला राहण्यासाठी आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

बोलण्यात फार वेळ गेला. गौतमीनं कासुर्डीच्या बाईंचं वजन भरून मला खाली बसवलंय. मला आता उठायला हवं.